रान पाहायला येण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर तेच ते प्रश्न येतात आणि दर वेळी मी वेगळंच काहीतरी सांगतो, अशी घरच्यांची तक्रार आहे. म्हणून एकदा बसून लिहून काढलं. वाचून या, म्हणजे आल्यावर कोणाचाच हिरमोड होणार नाही.

हे नेमकं आहे काय? अभयारण्य, रिसॉर्ट की शेत?

सातबाऱ्यावर शेतच आहे. भिवापूर तालुक्यातल्या मुरमाड बरडावर आमचं आणि दोन चुलतभावांचं मिळून 46 एकर वावर. वरच्या अंगाला तूर-जवस, मधल्या पट्ट्यात कापूस आणि खोलगटात सोयाबीन असायचं. 2009 च्या खरिपानंतर इथे नांगर फिरलेला नाही. रिसॉर्ट नाही, जिप्सी नाही, स्विमिंग पूल तर नाहीच. एक जुना गोठा आहे, त्यालाच डागडुजी करून दोन खोल्या काढल्या. एक बोडी (लहान तळं) आहे आणि तिच्या पाळीवर बसायला बाज टाकलेली आहे.

आमच्या उत्तरेच्या धुऱ्याला (बांधाला) झुडपी जंगल लागून आहे, ही आमची खरी मिळकत. बाहेरच्या लोकांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत. ना धड जंगल, ना धड गायरान, अशा त्या कित्येक वर्षं लोंबकळत होत्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमिनीच आहेत असा निकाल दिला. बोरी-बाभळींची, काट्याकुट्याची ही पट्टी दिसायला दरिद्री दिसते, पण एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाणारं जनावर दिवसा तिच्यातच अंग चोरून बसतं. ती नसती, तर आमच्या 46 एकरांत मुंगूस आणि तितरापलीकडे फारसं काही आलं नसतं.

प्राणी कुठून आणून सोडलेत?

कुठूनच नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. एका पाहुण्यांनी तर ‘चितळाची जोडी कितीला पडली?’ असं विचारलं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. रानातलं जनावर पकडणं, पाळणं, इकडून उचलून तिकडे सोडणं हे खाजगी माणसाचं कामच नव्हे. ते करायचं तर सरकारी परवानगीने आणि जाणकारांच्या हातूनच. मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात नेऊन सोडल्या, त्या अशाच.

आमच्याकडे जे आलं ते पायी आलं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जवळच आहे, पलीकडे गोसीखुर्द धरणाचं पाणी, त्याच्याही पलीकडे भंडारा-गोंदियाची जंगलं. 2013 मध्ये नागझिऱ्याचा ‘जय’ नावाचा वाघ याच मुलखातून चालत कऱ्हांडल्यात येऊन राहिला होता. 2016 च्या एप्रिलनंतर तो कोणाला दिसला नाही. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्याचा, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ 2019 च्या जूनमध्ये निघाला आणि डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत शेतं, नाले, रस्ते, सगळं तुडवत हजार किलोमीटरच्या वर चालला. वाघाला एवढं जमतं, तर कोल्ह्याला दोन धुरे ओलांडायला काय लागतं? जनावरं फिरतच असतात. त्यांना थांबावंसं वाटेल अशी जागा हवी, बस.

झाडं किती लावलीत?

एकही नाही. हे ऐकून वृक्षारोपणाच्या ट्री-गार्डसकट आलेली एक मंडळी नाराज होऊन परत गेली होती.

झालं असं, की मातीच्या पोटात मुळं जिवंत होती. पळसाचे, सागाचे, तेंदूचे खुंट वर्षानुवर्षं नांगराने आणि कुऱ्हाडीने दाबून ठेवलेले. आम्ही नांगर थांबवला, चराई थांबवली आणि आग येऊ दिली नाही. एवढी तीन कामं. पहिल्या पावसाळ्यात गाजर गवत आणि तरोटा कमरेएवढा माजला. गावात आमच्या नावाने हसू झालं. वडील म्हणायचे, ‘बापाचं वावर पडीक पाडलं पोरानं.’ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुसळी आणि पवन्या गवताने बरडावर पाय रोवले. मग पळसाच्या खुंटांना धुमारे फुटले आणि त्या फांद्यांवर बसायला पाखरं येऊ लागली. पाखरू बसलं की खाली बी पडतं. धुऱ्यावरचे कडुनिंब असेच आले. बोरी कोल्ह्यांनी लावल्या. ते बोरं खातात आणि आठळ्या पायवाटेच्या मधोमध सोडून जातात. बोडीजवळ मोहाची तीन पोरकी रोपं उभी आहेत, ती बहुधा वटवाघळांची देणगी, कारण जवळचा मोह तिथून बराच लांब आहे.

आमचं काम उपटण्याचं आहे. गाजर गवत फुलावर यायच्या आत, पावसात, माती ओली असताना मुळासकट काढावं लागतं. रायमुनियाचं (काही लोक तिला घाणेरी म्हणतात) खोड जमिनीखालून तोडलं नाही, तर ती दुप्पट जोमाने येते. बोडीत बेशरम नावाची झुडपं घुसली होती. ती हटवायला आम्हाला चार उन्हाळे लागले. नाव सार्थ आहे.

आणखी एक सांगतो. सगळीकडे झाडीच हवी, हा हट्ट मी सोडला. वरचा बरड गवताळच ठेवलाय. चंडोल, माळटिटवी, लावे, खोकड यांना उघडं माळरान लागतं. तिथे साग कोंबून त्याला जंगल म्हणणं मला पटत नाही.

वाघ दिसेल का?

नाही.

म्हणजे येतो. बोडीच्या गाळात वर्षातून एखाद-दोनदा पंजाचे ठसे सापडतात. एकदा कॅमेऱ्यात त्याची पाठ आणि शेपूट आली, तोंड नाही. पण त्याचा इथे मुक्काम नाही, तो वाटसरू आहे. वाघच पाहायचा असेल तर ताडोबा आहे, पेंच आहे, कऱ्हांडल्याच्या गेटवरून सफारी आहे. तिकडे जा, खुशाल जा. आमच्याकडे येऊन ‘काहीच नाही’ म्हणण्यापेक्षा ते बरं.

मग दिसतं तरी काय?

सकाळी साडेपाचला आमच्यासोबत निघालात तर पहिला तास बहुतेक जमीन वाचण्यातच जातो. पांदणीच्या वळणावर रोह्याचं शेणखळं आहे. नीलगाय म्हणजे आमच्याकडचा रोही. तो लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. पाहता पाहता तिथे हातभर रुंदीचा ढीग साचलाय. पावसाळ्यात त्याच्याभोवती उकिडवं बसून पाहा. शेणकिडे गोळी करतात, मागच्या पायांनी ढकलत नेतात, एखादा फुकट्या दुसऱ्याच्याच गोळीवर चढून बसतो. गेल्या वर्षी पुण्याचं एक कुटुंब तिथे पाऊण तास बसून राहिलं. शेजारचा गुराखी काका बकऱ्या घेऊन चालला होता, तो थांबून म्हणाला, ‘काहून जी, येवढ्या दूरून शेन पाहाले आले का?’ त्यातल्या आजोबांनी मान वर न करता उत्तर दिलं, ‘हो.’

पुढे वारूळ आहे. त्याला कोपरापर्यंत हात जाईल एवढी भोकं दिसली तर रात्री अस्वल येऊन गेलं समजायचं. एप्रिलमध्ये त्याची विष्ठा मोहाच्या फुलांनी आणि तेंदूच्या बियांनी भरलेली असते, हिवाळ्यात बोराच्या आठळ्यांनी. जुन्या मोहाच्या सालीवर नखांचे समांतर ओरखडे आहेत. ताजा ओरखडा आतून लालसर दिसतो, जुना काळा पडतो.

तडस क्वचित दिसतो, पण त्याची पांढरी, खडूसारखी विष्ठा हमखास सापडते. हाडं चावून खातो म्हणून पांढरी. त्याच्या ठशात नखं उमटतात आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. मांजरकुळातली जनावरं, म्हणजे वाघ, बिबट आणि रानमांजर, चालताना नखं आत ओढून घेतात. एवढं ध्यानात ठेवलंत तरी गाळातल्या निम्म्या ठशांचा छडा लागतो. साळिंदराचा काटा सापडला तर दिवस सत्कारणी.

उजाडल्यावर रोही, चितळ, मोर आणि ससे दिसतात. रानडुकरं दिसली तर लांबून पाहावीत, पिल्लांवाली असेल तर फारच लांबून. संध्याकाळी बोडीवर बसायचं आणि गप्प राहायचं. हे लोकांना सगळ्यात जड जातं. आधी टिटवी ओरडते, मग रातवा सुरू होतो. पूर्ण अंधार पडायच्या जरा आधी कोल्हेकुई उठते. एकाने सूर लावला की झुडपीतून दुसरा, आणि मग पार नाल्यापलीकडून तिसरा. मी लहान असताना हा आवाज रोज ऐकायचो. मधली कित्येक वर्षं तो बंद होता आणि बंद झाल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. 2014 च्या थंडीत आईने स्वयंपाक करता करता मान वर केली आणि म्हणाली, ‘कोल्हे आले वाटते.’

नवरंग कधी येतो?

पक्षी पाहणारे लोक फक्त एवढंच विचारतात. मेच्या शेवटी, मान्सूनच्या पुढे-मागे. सकाळी आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. नाल्याकाठच्या दाट झाडीत खालच्या पाचोळ्यात तो चरत असतो, म्हणून नजर खाली ठेवा. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढायला इथे बंदी आहे. नराला वाटतं हद्दीत दुसरा घुसला. घरटं सोडून तो तुमच्या ब्लूटूथ स्पीकरशी भांडत बसतो. एकदा सांगतो, दुसऱ्यांदा गेटपर्यंत सोडायला येतो.

सारस? गिधाडं?

सारस आमच्याकडे नाही. त्यासाठी गोंदियाकडे, धानाच्या बांध्या आणि मालगुजारी तलावांच्या मुलखात जावं लागेल. महाराष्ट्रात जे थोडे सारस उरलेत ते मुख्यतः तिकडेच.

गिधाडांची गोष्ट लांबलचक आहे. माझ्या आजोबांच्या वेळी ढोर मेलं की अर्ध्या दिवसात नुसता सांगाडा उरायचा. मग जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक देणं सुरू झालं. ते औषध घेतलेलं ढोर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची किडनी निकामी व्हायची. 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडं आणून पेंच आणि ताडोब्यात सोडली आहेत. आमच्या आभाळात अजून एकही दिसलेलं नाही. गावातल्या गोपालकांना मी एवढंच सांगत असतो, की डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम मागा. गाईलाही चालतं, गिधाडालाही.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला सुखाचं. मार्चमध्ये पळस फुलतो. पानं गळून नुसता केशरी. मेमध्ये पारा 45 च्या वर जातो, पण पाणी फक्त बोडीत असल्यामुळे सगळं रान तिथेच येतं. सोसत असेल तर तोच खरा महिना. दुपारी अकरा ते पाच मात्र खोलीतून बाहेर पडायचं नाही, कूलर आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग अभयारण्यांत मचाणांवर निसर्गानुभव ठेवतो, त्याची नोंदणी त्यांच्याकडेच होते, आमच्याकडे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही फक्त जवळच्या लोकांना बोलावतो. कारण शेवटच्या प्रश्नात आहे.

कसं पोचायचं?

नागपूरहून उमरेडमार्गे भिवापूर, दीड-दोन तास. एसटी आहे. पूर्वी नागपूर-नागभीड छोटी लाईन होती, ती ब्रॉडगेजच्या कामासाठी 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाली. त्या गाडीतून हिरव्या मिरच्यांची पोती आणि शाळेची पोरं एकत्र जायची. पुढच्या वाटेचा नकाशा नोंदणी झाल्यावर पाठवतो. फोटो टाकताना लोकेशन टाकू नका, विशेषतः साळिंदराचं बीळ आणि घुबडाची ढोली. शिकारी इंटरनेट वापरतात.

काय घालून यायचं? साप-विंचू, गोचीड?

पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, बूट. लोकरीचे मोजे नकोत. कुसळीची कुसळं त्यात अशी रुततात, की मोजे फेकूनच द्यावे लागतात. पँट बुटात खोचा. ऑगस्ट ते नोव्हेंबर गवतात बसायचं किंवा लोळायचं नाही. झुडपांमध्ये डोळ्याला न दिसणारे बारीक किडे असतात, त्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास त्याचे बरेच रुग्ण निघाले होते. इथून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, किंवा अंगावर कुठे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ‘रानात गेलो होतो’ हे सांगा. वेळेवर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततं.

साप आहेत. नाग, मण्यार, घोणस, तिन्ही. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, संडासलाही. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. हात-पाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय. गाडी कायम तयार असते आणि किल्ली खिळ्याला टांगलेली असते. आल्या आल्या तो खिळा दाखवतो.

कुत्रा आणला तर चालेल? ड्रोन?

नाही आणि नाही. कितीही गुणी असला तरी कुत्र्याचा वास रानात रेंगाळतो, आणि कुत्र्यांचे रोग कोल्ह्या-खोकडांना होतात. ड्रोनमुळे चितळांचा कळप उधळून काटेरी तारेत गेला होता. तेव्हापासून विषय बंद.

शिंग, पीस, काटा घरी नेता येईल?

शिंग अजिबात नाही. आपोआप गळून पडलेलं असलं तरी ते बाळगणं कायद्याच्या कचाट्यात येतं. बाकीचंही जिथल्या तिथे राहू द्या. चितळाचं गळकं शिंग साळिंदर कुरतडतं, त्याला त्याचा चुना लागतो. बोरं मात्र खिसे भरून न्या.

तुमच्या जनावरांमुळे शेजाऱ्यांच्या पिकांचं काय?

हा प्रश्न पाहुणे क्वचित विचारतात. शेजारी रोज विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे.

रोही आणि रानडुक्कर दिवसा आमच्याकडे झोपतात, रात्री शेजारच्या वावरात जेवतात. चण्याच्या घाट्यांत रोह्यांचा कळप एका रात्रीत काय करतो ते पाहिल्याशिवाय कळत नाही. डुकरं तर भुईमुगाची ओळच्या ओळ नांगरल्यासारखी उकरतात. 2016 मध्ये आमच्या पूर्वेच्या धुऱ्याचे काका सकाळी तुडवलेली तूर हातात घेऊन दारात उभे राहिले. काही बोलले नाहीत. तूर ओट्यावर ठेवली आणि निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सरकारी भरपाई आहे. अर्ज, पंचनामा, फोटो, सातबारा. पण एका एकराच्या नुकसानीसाठी किती खेटे घालायचे? आमच्या एका प्रकरणात एका कार्यालयाने फाइलच हरवली आणि आम्हालाच झेरॉक्स मागितली. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. तुम्ही देता त्या पैशांतला अर्धा हिस्सा वेगळ्या खात्यात जातो. चारी बाजूंच्या सात शेतकऱ्यांनी मिळूनच ठरवायचं, कोणाचं किती गेलं. भांडणं होतात, होऊ देतो. दुसरं म्हणजे त्याच पैशांतून सगळ्यांच्या धुऱ्यावर सोलरची झटका मशीन बसवली. तिचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. तारेत थेट लाईनचा करंट सोडणारे लोक या भागात आहेत. त्यात डुकरं मरतात, वाघ मरतात, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेली माणसंही मरतात. तो गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

सगळं मिटलंय असं मी म्हणणार नाही. पश्चिमेचे भाऊ अजून आमच्याकडे लग्नाची पत्रिका पाठवत नाहीत.

पैसे किती?

माणशी 400 रुपये दिवसाला, बारा वर्षांखालच्यांना फुकट. मुक्काम आणि जेवणाचे वेगळे. जिल्हा परिषदेच्या शाळांकडून काही घेत नाही. एका वेळी जास्तीत जास्त आठ माणसं.

जेवायला काय?

भाकर, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. पावसाळ्यात तरोट्याच्या कोवळ्या पानांची भाजी, हिवाळ्यात सांबारवडी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, जनावर नाही, हा गोंधळ दर वर्षी होतो). सावजी रस्सा हवा असेल तर उमरेडला खाऊन या.

उन्हाळ्यात आग लागते का?

लागते, आणि एका रात्रीत दहा वर्षं जाळून जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे खाली पडतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून वेचणारे झाडाखाली जाळ लावतात. तेंदूला नवा पाला फुटावा म्हणूनही कुठे कुठे आग लावली जाते. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्त्याचा पैसा हातचा सोडला. त्यांच्या हिशेबात झाडांची छाटणी आणि आग हे दोन्ही तोट्याचे होते. आम्ही तेवढे मोठे नाही. मोह वेचणाऱ्या मावश्यांना झाडाखाली अंथरायला हिरवी जाळी देतो. फूल स्वच्छ मिळतं, कंबर कमी मोडते, काडी पेटवायची गरज उरत नाही. आमचे पाचही मोह त्याच वेचतात, आम्ही वाटा मागत नाही. फेब्रुवारीत चारी बाजूंनी दहा फूट रुंदीची जाळरेषा काढतो. त्या काळात आलात तर हातात झाडू मिळेल.

इथे विडी-सिगारेट पेटवायची नाही. हा एकच नियम मी ओरडून सांगतो.

आम्हालाही आमच्या शेतात असं करायचंय. सुरुवात कुठून?

विहिरीपासून. खरंच सांगतो. विदर्भातल्या वावरांत बिनकठड्याच्या विहिरी जागोजागी आहेत, आणि रात्री पळणारं जनावर सरळ आत जातं. 2011 मध्ये आमच्याच विहिरीत कोल्हा पडला होता. सकाळी मोटार सुरू करायला गेलो, तर खाली कपारीला चिकटून दोन डोळे. दोरांनी बाज खाली सोडली. तो तासभर तिच्याकडे नुसता पाहत राहिला. आम्ही लांब जाऊन बसलो तेव्हा चढला. वर खेचल्यावर अंग झटकलं, आमच्याकडे ढुंकून न पाहता शेजारच्या तुरीत गेला. त्याच आठवड्यात कठडा बांधला. झाडं-बिडं नंतर.

मग शेजाऱ्यांशी बोला, तेही आधी, नंतर नाही. एक अख्खं वर्ष काही करू नका, फक्त काय उगवतं ते वहीत लिहा. रोपवाटिकेत जाऊन शंभर जातींची रोपं आणून दाट लावू नका. ते बगीचे आहेत, छान असतात, पण वेगळं काम आहे. उताराला पाणी अडवा. बोडी असेल तर तिचा एक काठ उथळ ठेवा, म्हणजे लहान जनावराला पाणी पिता येतं आणि पडलं तर बाहेर निघता येतं. पाच एकरांतही बरंच होतं, बाजूला नाला किंवा झुडपी असली तर. चारी बाजूंनी प्लॉटचे ले-आऊट पडले असतील तर पाखरांवर आणि फुलपाखरांवर समाधान माना, तेही थोडं नाही.

आणि घरात दुसरं उत्पन्न आहे का ते पाहा. माझी बायको शिक्षिका आहे म्हणून हे चाललंय. शेतीवरच पोट असलेल्या माणसाला मी हा सल्ला कधी देत नाही.

मुलांना आणलं तर कंटाळतील का?

पहिला अर्धा तास, हो. रेंज फक्त बोडीच्या पाळीवर मिळते, तीही एकाच कंपनीची. नंतर त्यांना ठशांवर पाण्यात कालवलेलं प्लास्टर ओतून साचा काढायला देतो. त्यानंतर मोठ्यांनाच निघायची घाई असते.

काहीच दिसलं नाही तर पैसे परत मिळतात का?

मिळत नाहीत. एका साहेबांनी मागितले होते. त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर त्या रात्री कोणीतरी चालून गेलं होतं. धुळीत चार बोटांचे, बिननखांचे नीट ठसे. रानमांजर. त्यांनी फोटो काढला, पैशांचा विषय परत काढला नाही, गाडी मात्र धुवून घेतली.

पावसाळ्यात गाडी पांदणीपर्यंत जाते का?

जात नाही. शेवटचा दीड किलोमीटर काळ्या मातीचा आहे. आठवडाभर पाऊस नसला तरच कार घाला. ‘माझी फोर-व्हील ड्राइव्ह आहे’ असं म्हणणारे आजवर तिघे अडकले. रस्त्यावरच्या पानठेल्याजवळ गाडी लावून पायी या, चपला हातात घेऊन. अडकलातच तर पूर्वेच्या काकांचा ट्रॅक्टर 500 रुपयांत ओढून काढतो. ते पैसे त्यांचे, त्यात आमचा वाटा नाही. तुरीचं नुकसान यातून बरंचसं वसूल झालं, असं ते स्वतःच सांगतात.